गोदाकाठचा बाक

माझ्या सातपूरच्या शेडमध्ये जन्मला तो.
मृण्मयीबाई नकाशा घेऊन आल्या:
चौदा फुटी बाक, मधोमध एकच बेअरिंग.
नकाशात माणसंही काढलेली,
सगळी सडपातळ, एकाच्याही हातात पिशवी नाही.

"एकटा बसला तर?"
"कलेल. कलू दे की."

बेअरिंग मी भंगारातल्या लेथचं बसवलं,
बिलात नवं लावलं.
हे त्यांना आज कळेल.

आठ दिवस लोक नुसते बघत उभे.
वॉचमन सांगायचा, कलाकृती आहे, लांबून बघा.
मग नोटप्रेसमधून रिटायर झालेले खैरनार
एका टोकाला टेकले
आणि गेले खाली, गुडघे छातीशी.
मेथी विकून परतणारी बाई हसू दाबत म्हणाली, थांबा,
आणि वरच्या टोकावर पाटी ठेवली.
पुरेना.
मग पदर खोचून स्वतःच चढून बसली.
खैरनार वर आले, चष्मा सावरत.

आता संध्याकाळी तिथं वेगळीच वजनं चालतात:
एक मास्तर बरोबर दोन पोरं आणि एक दप्तर.
न बोलणारं जोडपंही बसतं दोन टोकांना,
पण उठताना बोलावंच लागतं,
नाहीतर दुसरा आदळतो.
"उठतेय हं मी."
एवढं तरी.

रविवारी मी ग्रीसचा डबा घेऊन जातो.
कुरकुर जात नाही, जुन्या लेथचीच आहे ती.
काल काम उरकून बसलो जरा.
कुणीच नव्हतं.
माझं टोक जमिनीला, समोरचं हवेत,
आणि पुलावरून उतरणाऱ्या प्रत्येकाच्या
वजनाचा अंदाज घेत बसलेला मी.