उतार

सोहारची शाळा, सातवी ब.
आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात
मी रोमन रस्ता रचला:
तळाला वादीतले गोटे, वर खडी,
मग चुना कालवलेली वाळू,
सगळ्यात वर फरशीचे तुकडे.

"सैन्य गेलं, टपाल गेलं, मिठाच्या गाड्या गेल्या,
रस्ता राहिला.
लिहून घ्या, परीक्षेला येतं."

"बाई, पण पाणी कुठं जाणार?"
मागच्या बाकावरून रुमाना मुकादम.
तिचे अब्बा रोलर चालवतात;
वादीला पूर आला की
पुन्हा तोच रस्ता, पुन्हा तेच अब्बा.

मी बाटली ओतली.
रोम मधोमध तुंबलं.

ती उठून आली. फरशा काढल्या,
अंगठ्यानं वाळूची पाठ वर उचलली,
जराशीच.
"आता ओता."

पुस्तकातला रस्ता सपाट होता.
मी पेन्सिलीनं
त्याला उतार दिला.