चुना

खणभागातली आडवी गल्ली, पहाटे साडेचार.
व्हॉल्व्हच्या खड्ड्यात चावी बसवली,
रोजच्यासारखा अर्धा आटा दिला
आणि आवाज आला.
मला वाटलं, स्पिंडल तुटला.
तुटलं होतं माझं उजवं मनगट.

त्या दिवशी गल्लीला पाणी सातला आलं.
चौघीजणी बोलल्या. एकीनं चहा दिला.

मिरजेला मगदूम डॉक्टरीणबाईंनी फिल्म उजेडाला धरली.
मोडल्या जागेवर त्यांचं बोट थांबेना,
सरकत गेलं शेजारच्या दोन पांढऱ्या रेघांवर.
"ही शीर," म्हणाल्या,
"फोटोत दिसायची नसते, भूपाल.
दिसतीय म्हणजे चुना धरलाय.
आणि दिसायचं असतं ते हाड,
ते बघा,
ओल्या फडक्यानं पुसल्यासारखं."

नगरपालिका होती तेव्हापासून मी पाणीखात्यात.
मला कुणी समजावून सांगायला नको.
जुनी लाइन उकरली की बघतोच की,
चार इंची पाइपात करंगळीपुरती वाट,
बाकी सगळा दगड,
थरावर थर, कांद्यासारखा.
माझ्या भिंतीतला चुना माझ्याच नळात गेला.
भिंत पोकळ, नळ चोंदलेला.
'चुना लावला' म्हणतात लोक, तो असा.

नव्या किडनीची चूक नाही, बाई सांगतात.
ती यायच्या आधीची पाच वर्षं, मशीनवरची.
आणि गळ्यातल्या चार ग्रंथी, डाळीच्या दाण्याएवढ्या,
ज्यांना अजून कुणी कळवलंच नाही
की टंचाई संपली.
त्या उपसतायत अजून हाडांतून कॅल्शियम
रात्रपाळीच्या पंपासारख्या.
शिवाय गोळ्या.
किडनीला राखणारी गोळी हाडाला खाते.
सकाळी आठ, रात्री आठ,
मी गिळतो.

किडनी अक्काची. कवठेपिरानची, थोरली.
दिवस मावळला की अक्का पाणीसुद्धा घेत नाही,
लग्नाच्या आधीपासून.
आणि तिचीच किडनी माझ्या ओटीपोटात
रात्री आठच्या गोळीबरोबर दोन पेले पाणी पिते.
एकदा विचारलं, तुझं व्रत मोडतं का गं?
"तिला सांगून धाडलंय मी," म्हणाली,
"भावाच्या घरची रीत पाळ."

हाडांचं मात्र तिला बोललो नव्हतो.
रविवारी आली. प्लास्टर बघितलं.
माझ्याशी अक्षर न बोलता
पोटाकडं वाकून विचारलं,
"तू बरी हाईस न्हवं?"
मग मला:
"घर पडलं तर हिनं जायचं कुठं?"
पिशवीतून नाचणीचं पीठ काढलं
आणि डब्यात भरत बसली, उगाच वेळ लावून.

डाव्या हातातला फिस्टुला अजून घरघरतो.
गळती शोधायला आम्ही सळई लाइनीवर टेकवतो,
दुसरं टोक कानाला.
तसाच रात्री कोपर कानाशी धरतो.
पाणी चालू आहे.
कुठं दाटलंय, ते काही ऐकू येत नाही.

आता चावी इर्शाद फिरवतो, कंत्राटावरचा पोरगा.
अंगात जोर, हाडं कोरी.
एका दमात सगळे आटे काढायला बघतो.
मी खड्ड्याच्या काठाशी उभा.
"पाव आटा," म्हणतो. "थांब.
हवा निघू दे आधी.
जुन्या लाइनीला एकदम दाब सोसत नाही."