बाकीच्या मुकादम

वूच शहरात, बंद पडलेल्या कापडगिरणीच्या तळमजल्यावर
माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान.
पावसाळी हवेत भिंतींना अजून तेलाचा वास सुटतो.
गेनोवेफाबाई आल्या हातात चिठ्ठी घेऊन,
मॉलमधल्या पोराने लिहून दिलेली:
सोळा कोअर. खाली दोन रेघा.

"माझं गाव अडकतं," म्हणाल्या.
गाव म्हणजे गेममधलं. अकरा वर्षं खपून वसवलेलं,
चाळीस हजार वस्ती, तीन पूल,
आणि एक दवाखाना, जो त्यांच्या खऱ्या गल्लीत नाही.
"बस चौकात थांबते ती थांबतेच. आणि माणसं
एक पाय उचलून उभी. बगळ्यांसारखी."

त्यांचं मशीन टेबलावर घेतलं.
आठ कोअर होतेच आत.
गाव चालू केलं, बाजूला आलेख लावला.
पहिली रेघ छताला टेकलेली,
दुसरी जराशी उठते, पडते,
उरलेल्या सहा जमिनीवर आडव्या.

बाईंनी चष्मा पुसून पाहिलं.
"ही पहिली, ती मी.
बाकीच्या मुकादम."

मग वर बोट केलं, छताकडे.
"तिसऱ्या मजल्यावर, एक्काहत्तर साली,
आठ साचे एकटीने चालवलेत.
इथला धोटा अडला की तिथला धागा तुटायचा,
चपला तीन महिन्यांत झिजायच्या.
आणि तुझ्याकडे आठ बाया, साचा एक?"

मी सांगू लागलो: कामाच्या ओळीला थ्रेड म्हणतात.
"म्हणजे धागाच ना?"
धागाच. पण आधी पाव भाजायचा,
मग दुकानात जायचा, मग माणूस घेणार,
मग त्याची भूक कमी होणार, मग तो बस पकडणार.
मधला टप्पा सोडून पुढचा कुणाला वाटून देणार?
उगाच फाडून वाटलं तर
एक ना धड, भाराभर चिंध्या.
बाई गप्प झाल्या. त्यांना माहीत होतं,
उभे धागे उघडल्याशिवाय आडवा जात नाही.

कोपऱ्यात मिवोश बसला होता, पंख्याची वाट बघत.
"माझ्या गेममध्ये आठही राबतात," तो म्हणाला,
"धूळ वेगळी, आवाज वेगळा, स्फोट वेगळे."
बाईंनी त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही.
"तुझं गाव जळतंय, बाळा.
जाळायला सगळे एकदम धावतात.
वसवायला विटेवर वीट."
तांत्रिकदृष्ट्या हे बरोबर नाही.
मी दुरुस्त केलं नाही.

सोळाची चिठ्ठी मी परत दिली.
सहाच कोअरचा बसवला, पण पायाने चपळ.
त्यात माझे चारशे झ्वोटी बुडाले,
ते मी बायकोला अजून सांगितलेलं नाही.

गुरुवारी फोन आला.
"बस चालते. पूर्वीसारखी नाही, पण चालते.
पाचवी नि सहावी मात्र बसूनच आहेत.
त्यांना पगार चालू आहे का?"
थोडी वीज खातात, म्हटलं.
"मग मी काय करते, गाव चालू ठेवून
चेस्वावाशी व्हिडिओवर बोलते.
शेजारच्या साच्यावरची, आता विनिपेगला असते.
बघ, बघ, पाचवी उठली!"

आणि मागून कुणीतरी ओरडून विचारलं,
साच्यांच्या गोंगाटावर मात करायची सवय असल्यासारखं:
"कोण उठली गं?"