आक्काची पात

पेरून एकविसावा दिवस. वाफसा आला.
टोळीच्या बायका रिक्षा भरून हलकर्णीला गेल्या,
सोयाबीनवाल्यानं पन्नास रुपये जास्त बोलले म्हणून.
नूलच्या आमच्या पाऊण एकर उडदाला उरलो
मी आणि आक्का,
जिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू
आणि दुसऱ्यात त्याचा धाकटा भाऊ.

नवरा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीतून, फोनवर:
"फवारून टाकूया की. रविवारी येतो."
आक्कानं खुरपं पदराला पुसलं.
"रविवारपतोर तण काय सुट्टीवर हाय व्हय?"

तिनं पात धरली. मी शेजारची.

मला वाटलं, आता उपटेल ही सगळंच.
पण तिची बोटं आधी खोडाला विचारायची:
लव लागली, तर उडीद. पुढं.
बुळबुळीत, पेराला पटकन मोडतोय, तो केना.
कोवळा कुरडू सरळ ओट्यात, रात्रीच्या कढईला.
आणि दांडा चिमटीत फिरवून तीन कोन लागले
की ती थांबायची. बूड टेकून बसायची.
"लव्हाळा. ह्याला वरनं कापून भागत न्हाई बाई.
ह्यो खाली गाव वसवून बसलाय."
खुरपं खोल, हात हलका,
ढेकळातून निघायचा एक काळा मणी,
त्याला दोऱ्यानं बांधलेला दुसरा,
दुसऱ्याला तिसरा.

मी भराभरा वरून छाटत गेले. मला बांध गाठायचा होता.
गेल्या साली दीड महिन्यानं रानात शिरलो होतो,
शेंगा आल्या,
आत दाणे मोहरीएवढे.

दुपारी माझ्या खुरप्यात एक उडीद आला.
मी तो हळूच केन्याच्या ढिगाखाली सारला.
"मोडलास न्हवं?" पुढच्या सरीतून आक्का.
"आण हिकडं."
मुळांवरून तिनं अंगठा फिरवला,
बारीक बारीक गाठी, राळ्यासारख्या.
"एक नखानं चिरड. रंग सांग."
गुलाबी, मी म्हटलं.
"म्हंजे जित्या हाईत. ह्या रानाला घालत्यात.
आन् लव्हाळ्याच्या गाठी रानाचं खात्यात.
मातीखाली दोघी गुमान."
मग तो उडीद तिनं माझ्याच हातात ठेवला,
दिवसभर.

पस्तिसाव्या दिवशी दुसरी भांगलण.
ह्या खेपेला मी बसून काढलं.
मणी मोजले चारशेपर्यंत, मग नाद सोडला.

चाळिसाव्याला ओळी एकमेकींना भिडल्या,
खाली ऊन पोचेना. पिवळी फुलं.
आक्का म्हणाली, आता कुणी पाय घालायचा न्हाई आत,
कळी झडती.
बांधावर बसलो, घोळीची भाजी, भाकरी.
"दिसतंय का काय?"
तिसऱ्या सरीत एक लव्हाळा
फुलांच्या वर मान काढून उभा होता, पोपटी.
"न्हाई," मी म्हटलं.
भाकरीचा तुकडा मोडत ती हसली,
"मग तुजंबी ऑपरेशन करून घिऊया संगंच."