दीड मिनिटाला एक फेरा

मोटर भद्रकालीच्या भंगारातली, ट्रकच्या वायपरची.
अडीचशेला दिली म्हाताऱ्यानं,
म्हणाला, पावसाळ्यात आला असतात तर चारशे.
मिनिटाला चाळीस फेरे मारते.
गिअरबॉक्स एकास साठ,
सातपूरच्या बंद पडलेल्या बिस्किट कंपनीच्या लिलावातला;
उघडला तर ग्रीसला अजून व्हॅनिलाचा वास.
हिशेब दगूमामांनी केला, खडूनं, आरगॉनच्या सिलिंडरवर:
दीड मिनिटाला एक फेरा.
एवढ्यात बिडीसुद्धा संपत नाही, म्हणाले.

दगूमामा गांगुर्डे.
बत्तीस वर्षं पाइपाभोवती फिरले.
त्यांच्या बोलण्यात प्रत्येक जोडाला घड्याळ असतं:
बाराला सोपं,
तीनला हात उतरणीला लागतो,
सहाला उताणं पडायचं, ठिणग्या अंगावर घेत.
कॉलर बाजूला करून ते अजून दाखवतात
कधीकाळी वाजलेले सहा,
मोहरीएवढे, पांढरे.
आता गुडघे बोलतात, आणि गुडघ्यांना
कुठलीच वेळ सोयीची नसते.

ऑर्डर दिंडोरीकडच्या वायनरीची.
दोन इंची स्टेनलेस, दोनशे चाळीस जोड.
आतून आरसा हवा, त्यांचा इंजिनिअर म्हणाला,
जिथं खाच राहते तिथं रस थांबतो,
थांबला की आंबतो.
मामा म्हणाले, मग, आंबवायचाच आहे ना?
इंजिनिअर हसला नाही.

पहिल्या दिवशी टेबल अकरा जोड फिरलं.
बाराव्याला कच्‌ झालं.
मी मोटरला शिव्या घातल्या,
मग गिअरबॉक्सला, मग अख्ख्या भद्रकालीला.
मामांनी बेअरिंग खोललं, तळहातावर धरलं:
गोळ्यांच्या तोंडावर देवीचे व्रण.
अर्थिंग मी टेबलाच्या पायाला लावलं होतं.
वाट दिली नाही की तो भिंतीतून जातो, म्हणाले मामा,
करंटबद्दल, बहुतेक.

मग स्टार्टरचे जुने ब्रश, स्प्रिंगनं दाबून
थेट चकतीवर.
नवं बेअरिंग.
पायाशी शिलाई मशीनचं पॅडल, यमुनाचं;
लग्नसराईच्या आत परत, या बोलीवर दिलेलं.

फिरतंय.
शेजारच्या गाळ्यातला हुसेन बघून जातो,
म्हणतो, कुंभाराचं चाकच की.
मामा मान हलवतात. चाकाला घाई असते.
हे कचेरीतल्या फाइलीसारखं सरकतं,
फक्त थांबत नाही.
टेबल मामांकडे कललेलं,
कोपर फळीवर, टॉर्च जागच्या जागी,
वितळलेला थेंब ज्वारीएवढा, उभा,
त्याच्या खालून पोलाद निघून जातं.
टेबलावर कायम साडेदहा वाजलेले.

पण पहिले दोन दिवस मी बघत होतो,
ते स्टुलावर बसलेले, पाइप आपसूक येतोय,
आणि तरी अर्ध्या मिनिटाच्या आत
त्यांचा उजवा खांदा खाली जायचा,
मान वाकायची,
बरोबर तिथं, जिथं पूर्वी तीन वाजायचे.
मग त्यांचं त्यांनाच कळायचं.
मी ग्राइंडर चालू करायचो,
घासायला काही नसताना.

फेरा पुरा झाला तिथं सोडायचं नसतं.
सुरुवातीवर चढून बोटभर पुढं जायचं,
करंट उतरवत, हळूहळू,
नाहीतर शेवटाला खड्डा राहतो, टाचणीच्या डोक्याएवढा,
आणि पाइप गळला तर तिथूनच गळतो.
हे त्यांनी मला किती वेळा सांगितलंय.
दरवेळी पहिल्यांदाच सांगतायत असं.

नवव्या दिवशी, संध्याकाळी,
दोनशे चाळिसावा जोड उतरवला.
मामांनी काच वर केली, टेबल सपाट केलं,
त्यावर चहाचा ग्लास ठेवला
आणि पॅडल दाबलं.
ग्लास माझ्यापाशी आला, मी हात लावला नाही,
मग कपाटाकडे, मग शटरकडे, जिथून
अंबडची पहिली पाळी सुटल्याचा गलका येत होता.
थेंबही हिंदकळला नाही.
दीड मिनिटानं त्यांच्यापुढं.

गार झाला, म्हणाले,
आणि प्यायले.