दुरुस्तीचा हंगाम

बेचाळीस अंश. एप्रिल संपत आलाय.
दुकानापुढे कूलर पोटं उघडी टाकून पडलेत
अन् मी वाळ्याच्या गठ्ठ्यावर बसून घोकते :
बेचाळिसावी, शहात्तर साल,
उद्देशिकेत समाजवादी, धर्मनिरपेक्ष, एकात्मता.
नागपुरात पाराच माझा मास्तर.
चव्वेचाळीस म्हणजे मे,
संपत्तीचा हक्क मूलभूतांतून वजा.
बाबा पंपाचे स्क्रू खोलता खोलता हसतात,
"आपल्याजवळ होतं का वं काही, काढाले?"
इंदोऱ्यातल्या आमच्या घराचा पट्टा
अजून कुठल्याशा फायलीत आहे.

सात अंश ही जानेवारीतली एखादीच पहाट.
सातवी, छप्पन साल, राज्यांची नवी आखणी,
नागपूरची राजधानी गेली.
तिच्या अठरा दिवस आधी
आजोबा उसनं पांढरं धोतर नेसून
त्या मैदानात उभे होते, लाखोंत एक.
राजधानी गेली म्हणून कोण रडलं
मला ठाऊक नाही.
आजोबा तर नाहीच.

पाऱ्यात न बसणाऱ्या मी गल्ल्यांत बसवते.
एकविसावी ठेवली जरीपटक्यात,
वाधवानी काकांच्या काउंटरवर.
ते बिल हिंदीत करतात,
भावाला फोनवर सिंधीत रागावतात.
तुमची भाषा आठव्या अनुसूचीत सदुसष्टला आली, मी सांगितलं.
"अच्छा?" म्हणाले,
आणि मोटरीचे दहा रुपये कमी केले.

नव्व्याण्णवावी, न्यायाधीश नेमायचा आयोग :
बसवली, चालू झाली,
सहा महिन्यांत न्यायालयानं काढून ठेवली.
"वॉरंटीत परत," बाबा म्हणाले.

बाबांना आकडे राहत नाहीत.
सातवीत शाळा सुटली त्यांची.
प्रत्येक दुरुस्तीला ते एकच विचारतात,
"आधी काय होतं?"
गाइडात ते नसतं.
मग मी जाड पुस्तक काढते,
पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत शोधते :
अमुक शब्दांऐवजी, अमुक दिनांकापासून.
जुने शब्द तिथे असतात,
पुसलेले नाहीत, खाली उतरवून ठेवलेले.
बाबांचा बिस्किटाचा डबा आहे तसाच.
जळालेली वाइंडिंग, झिजलेलं बुश, तुटकं पातं,
नवीन बसवलं की जुनं गिऱ्हाईकाच्या हातावर ठेवतात.
"पाहून घ्या साहेब, काय काढलं ते."
कुणी घरी नेत नाही.
डबा भरत जातो.

एकदा मी विचारलं, इतकं दुरुस्त करायचं
तर नवाच का नाही घ्यायचा?
बाबांनी उत्तर दिलं नाही.
पत्र्यावर थाप मारली फक्त,
जुन्या, जाड पत्र्यावर.
आवाज बराच वेळ राहिला.

शहाऐंशीवी मात्र कुठे ठेवावी लागली नाही.
मार्चमधली गोष्ट, हंगाम नुकता लागलेला.
मी मोठ्यानं म्हणत होते,
सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकाला,
आणि सोमेश बाबांना पाना देत होता.
बाबांचा हात हवेत थांबला.
"तू कितीचा बे?"
"तेरा."
"शाळा?"
तो पान्याकडे पाहत राहिला.
त्या दिवशी पुढे कुणी फार बोललं नाही.
दुसऱ्या दिवसापासून तो चारनंतर येऊ लागला,
दप्तरासकट, तोंड वाकडं करून,
कारण मजुरी अर्धी झाली होती.
ती अर्धी बाबांनी पुढच्या आठवड्यात भरून दिली,
आईला न सांगता.

परीक्षा पुन्हा पुढे गेली आहे.
आयोगाचं पत्रक आलं, कारण आलं नाही.
नवतपात मी झोपेतही आकडे बोलते म्हणे,
आई पंख्याखाली उशी सरकवते.
काल सोमेशनं विचारलं,
"ताई, यात माझा नंबर कोणता?"
मी सांगितला.
त्यानं खडूनं एका कूलरच्या पोटावर
मोठ्ठा शहाऐंशी काढला.

आज सकाळपासून गिऱ्हाईकं विचारताहेत,
हा शहाऐंशी नंबरचा कोणाचा?
द्यायचा आहे का?
बाबा मान वर न करता सांगतात,
"राहू द्या तो. काम बाकी आहे त्याचं."