आळं

गुरुवारची दुपार, गिऱ्हाईक नव्हतं.
शरणपूर रोडला, दफनभूमीच्या भिंतीशी
माझी रोपवाटिका: चार पत्रे आणि एक हिरवी जाळी.
ती आली, आणि आधी भिंतीकडेच बघत राहिली.
मग मोडक्या हिंदीत म्हणाली, भेंडीचं बी द्या,
हॉस्टेलच्या गॅलरीत लावायचंय, तेलाच्या डब्यात.

फार्मसीचं दुसरं वर्ष. गाव राबाई, मोंबासाजवळ.
नाव म्कांबुरी. मी दोनदा अडखळले.
तिनं माझं 'सुवारिता' केलं. फिटंफाट.

म्हटलं, आमची नाशिकची भेंडी लाव, कोवळी राहते.
ती हसली. आमची आहे, बाई.
भेंडी आमची. चवळी आमची. कलिंगड.
आणि पेठ-सुरगाण्याच्या डोंगरात
बायका जिच्या पेंढ्या डोक्यावरून उतरवतात
ती नाचणीसुद्धा
आमच्याच उंच रानातून चालत आलीय.
मी हिशेबाची वही मिटली.
एवढी उधारी असेल, ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात निवृत्ती, कोकोपीट भिजवणारा पोरगा,
दुसऱ्या पोराच्या कानाशी काही बोलला.
एकच शब्द.
तिनं तो बसमध्ये ऐकला होता, लिफ्टमध्येही.
'काळी' म्हणजे काय हो?

मी म्हटलं, काळी म्हणजे शेत.
वस्ती ती पांढरी, पिकते ती काळी.
पांढरीत माणूस झोपतो, काळीत राबतो.
खोटं नव्हतं.
पण निवृत्ती तसं म्हणाला नव्हता, हे तिला कळलं होतं,
मला कळलं होतं, निवृत्तीला सगळ्यात जास्त.
तो नळ बंद करायला गेला,
जो बंदच होता.

आमच्या घरात ऐकत आलोय,
दीडशे वर्षांमागे इथंच कुठंतरी
गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली पोरं ठेवली होती.
सुतारकी शिकली, लोहारकी, मळ्याचं काम.
मग त्यांना पुन्हा समुद्रापार नेलं.
इथं हबशी, तिथं मुंबईवाले.
स्वतःचं नाव कुठल्या बोटीत राहिलं, देव जाणे.
भिंतीपलीकडे काही दगड आहेत, अक्षरं झडलेले.
हे तिला सांगायचं होतं मला,
सुरुवात कुठून करावी कळेना,
म्हणून निवृत्तीवरच ओरडले:
त्या लिंबाला आळं कर आधी, पाणी वाहून चाललंय!

ती थबकली.
परत म्हणा.
काय?
आले, ती म्हणाली. आले. ळ वाटेत कुठंतरी गळालेला.
राबाईत तिची आई झाडाभोवती मातीचं कडं करते,
त्याला त्यांच्या घरात हा शब्द आहे.
शेजाऱ्यांकडे नाही, स्वाहिलीत नाही, ताइता बोलीत नाही.
त्यांना वाटायचं, कुणा पणजीचे बोबडे बोल
घरात राहून गेलेत.

ती उकिडवी बसली, निवृत्तीच्या हातातलं खुरपं घेतलं
आणि आळं ओढलं. आमच्यासारखं गोल नाही,
एका अंगाला उघडं, अर्ध्या चंद्रासारखं.
म्हणाली, आमच्याकडे उतार आहे,
वरून येईल ते आत घ्यायचं.
निवृत्ती बघत उभा होता.
ताई, इथं सपाट आहे, तो म्हणाला, बंद करा.
तिनं बंद केलं.
'ताई' चुकून निघालं की ठरवून, मी विचारलं नाही.

बियांचे पैसे घेतले नाहीत, असं सांगायला आवडलं असतं.
तीस रुपये घेतले. तिनं सुटे दिले.
मग विचारलं, भिंतीपलीकडे जायला दार कुठून?

दार रस्त्याच्या अंगाला आहे.
चावी वॉचमनकडे, आणि तो जेवायला गेलेला.
आम्ही तिघं वाट बघत बसलो.
लिंबाच्या आळ्यातलं पाणी
अजून मुरत होतं.